प्रस्तावनेतलं एक वाक्य

किंग्ज हीथ, बर्मिंगहॅम
रविवार, २२ मे १९९४

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. तुझं पाकीट मंगळवारी मिळालं. बाबांच्या येमेनच्या इतिहासाची दोनशे बारा पानांची प्रुफं, वर तुझी चार पानांची प्रस्तावना, आणि चिठ्ठीत ‘महिनाअखेर परत पाठव’ हा हुकूम. रेखावहिनींच्या गुडघ्याचं वाचलं. फिजिओथेरपी सोडू नका म्हणावं, कंटाळवाणी असली तरी. मीनलची फायनल्स कधी संपतात? तिला माझे आशीर्वाद. मी ठीक आहे. या आठवड्यात दोनदा ऑन कॉल होते. पेशंटला भूल देताना हात नेहमीसारखे चालतात, घरी आल्यावर मात्र एका जागी बसवत नाही. काल सकाळी कुकर घासला, धुतलेले पडदे पुन्हा धुतले, आणि तासातासाला रेडिओ लावला. तूही लावत असशील. दक्षिणेने परत वेगळं व्हायचं जाहीर केलं. चारच वर्षांपूर्वी उत्तर-दक्षिण येमेन एक झाले तेव्हा इथल्या येमेनी लोकांनी रस्त्यावर मिठाई वाटली होती, मलाही घरी डबा आणून दिला होता. आता उत्तरेने आपल्या एडनवर तोफा रोखल्यात.

प्रुफं वाचायला घेतली ती यासाठीच, की हात कशात तरी गुंतावेत. बाबांचं अक्षर इतकी वर्षं वह्यांत पाहिलं, ते छापलेलं बघताना ते बाबांचं वाटेना. मग तिसऱ्या पानावर त्यांचा आवाज ऐकू आला. वर्गात ते फळ्याकडे पाठ करून बोलायचे, तसा. सबाचं राज्य, ऊद घेऊन निघालेले उंटांचे तांडे, रोमपर्यंत गेलेला तो वास. किती साधं लिहिलंय त्यांनी. जुन्या राजांबद्दल लिहिताना ते कुठेही हात जोडत नाहीत.

चुका सांगते. पान ३१ वर पुण्याच्या प्रेसवाल्याने ‘हिम्यर’चं ‘हिमालय’ केलं आहे, त्यामुळे येमेनमध्ये हिमालयाचे राजे राज्य करताहेत. पान ५८ वर राणी अरवाचा काळ शंभर वर्षं पुढे गेलाय. तुर्कांनी एडन घेतलं ते १५३८ साली, १८३८ नव्हे. तो आकडा तसाच राहिला तर तुर्क आणि इंग्रज एकाच वर्षाच्या अंतराने बंदरात शिरल्यासारखे होतात.

मारिबच्या धरणाचं प्रकरण मात्र मी अर्ध्यावर ठेवलं. बाबांनी लिहिलंय की ते धरण हजार वर्षांत अनेकदा फुटलं, आणि दर वेळी कुणी ना कुणी ते बांधून काढलं, दगडावर तसं कोरूनही ठेवलं. शेवटच्या वेळी दुरुस्ती करायला कुणी आलं नाही, तेव्हा माणसं शेतं सोडून निघून गेली. एवढं वाचून मी उठले आणि बागेत जाऊन उगाच गवत कापलं. राहिलेली पानं आज सकाळी पुरी केली.

तुझ्या प्रस्तावनेतही एक दुरुस्ती आहे. तू लिहिलंस की १९३७ पर्यंत एडन मुंबई इलाख्यात होतं. ते बरोबर नाही. १८३९ला इंग्रजांनी घेतल्यापासून ते मुंबईच्या हाताखाली, १९३२ला दिल्लीच्या, आणि १९३७ला लंडनच्या. बाबा १९३६ साली बोटीतून उतरले तेव्हा ते दिल्लीच्या एडनमध्ये उतरले. हा फरक ते आपल्याला जेवताना सांगायचे आणि आई म्हणायची, “मुलांना आमटी गरम असेपर्यंत खाऊ द्या.” वासुदेव बळवंतांना ठेवलं तो तुरुंग एडनला का, हे त्याशिवाय समजणार नाही, असं त्यांचं म्हणणं.

प्रस्तावनेविषयी बाकी सवडीने लिहीन. तोवर ती छापायला देऊ नकोस. प्रुफं रजिस्टर्ड पोस्टाने वेगळी पाठवते आहे.

वहिनींना नमस्कार.

तुझी,
सुनीती


किंग्ज हीथ
शनिवार, ११ जून १९९४

प्रिय दादा,

नमस्कार. गुरुवारी फोनवर तू चिडलास ते साहजिकच होतं. “कुठल्या वाक्याला तुझी हरकत आहे ते एकदा सांग, म्हणजे मी प्रेसला कळवतो,” तू म्हणालास, आणि मी म्हटलं गॅसवर भाजी आहे. गॅसवर काही नव्हतं. फोनवर तू मधेच बोलतोस आणि मग मला जे सांगायचं ते मी सांगत नाही. म्हणून लिहिते. हे पत्र मी बुधवारपासून तीनदा सुरू केलंय.

वाक्य दुसऱ्या पानावरचं आहे. ‘आम्ही भावंडांनी वारंवार बोलावूनही अखेरच्या श्वासापर्यंत ते एडन सोडण्यास तयार झाले नाहीत, आपल्या मुलांपेक्षाही त्यांनी त्या भूमीवर अधिक प्रेम केले.’

हे खरं नाही, दादा.

तुला ते खरं वाटतं याला कारण मी आहे. १९६७ पुरतं ते खरं होतं. इंग्रज निघाले, दुकानं बंद झाली, क्रेटरमधली आपली अर्धी वस्ती मुंबईच्या बोटीत बसली आणि बाबा शाळेच्या किल्ल्या खिशात घालून तिथेच राहिले. आईला जाऊन तीन वर्षं झाली होती, तिला तिथेच अग्नी दिला होता. तू इथून त्यांना काय लिहिलंस ते मला माहीत आहे. मी तेव्हा पुण्याला मेडिकलला होते आणि बाबांनी ते मला कळवलं होतं, तक्रार म्हणून नव्हे. ‘आत्ता आला नाहीत तर पुन्हा माझं दार वाजवू नका.’ तू अठ्ठावीस वर्षांचा होतास आणि घाबरला होतास. त्यावर मला आज काही म्हणायचं नाही.

पण १९८५चं तुला माहीत नाही.

त्या वर्षी ऑक्टोबरात मला बाबांचं पत्र आलं. ते माझ्याकडे आहे. उतरवून देते:

‘चि. सुनीतीस अनेक आशीर्वाद. डोळे अधू झाले आहेत, संध्याकाळनंतर वाचवत नाही. शाळेतले जुने कोणी उरले नाही. अब्दुलकवी शेजारी आहे म्हणून दोन वेळचे जेवण होते. इतिहासाचे शेवटचे प्रकरण राहिले आहे, ते तुझ्याकडे बसून लिहावे असे मनात येते. एखादी खोली असल्यास सरकारी कागद भरून पाठव. जड जात असेल तर तसे मोकळेपणी लिही, मी समजून घेईन.’

अठरा वर्षं आपण ज्याची वाट पाहिली ते पत्र. आणि मी ते ड्रॉवरमध्ये ठेवलं.

राजीव ऑगस्टमध्ये घर सोडून गेला होता. हे मी तुम्हाला ८७ साली सांगितलं, तेही वहिनींनी खोदून खोदून विचारलं तेव्हा. ते स्थळ तू आणलं होतंस, लग्नाला बाबा येऊ शकले नव्हते, पण त्यांनी मुद्दाम तार केली होती. त्या शरदात मी घरी आले की कोट न काढता उभ्याने टोस्ट खायचे. हॉस्पिटलात कुणाला माहीत नव्हतं. विमानतळावरून बाबांना घरी आणलं असतं तर अर्ध्या तासात त्यांनी विचारलं असतं, “जावई कुठे आहेत?” या एका प्रश्नाला मला उत्तर देता येईना. एवढंच कारण होतं. खोल्या तीन होत्या.

तीन आठवड्यांनी मी उत्तर लिहिलं. थंडी फार आहे, तुमच्या छातीला सोसायची नाही, एप्रिलमध्ये या, कागद मार्चमध्ये पाठवते. प्रेमाने लिहिलं होतं, दादा. वाचणाऱ्याला जराही शंका आली नसती. मला वाटलं, एप्रिलपर्यंत राजीव परत येईल नाहीतर मी काहीतरी सांगायला शिकेन.

१३ जानेवारीला एडनमध्ये सत्ताधारी पक्षाचेच लोक एकमेकांवर गोळ्या झाडायला लागले. पुढचं तुला माहीत आहे असं तू समजतोस. आपल्याला फेब्रुवारीत तार आली, माधव खांबेटे वारले, छातीचा विकार. तू फोनवर म्हणालास, “हट्टी म्हातारा. एका माणसाचंही ऐकलं नाही.” आणि मी गप्प राहिले. ते पहिलं गप्प राहणं. नंतरची मोजली नाहीत.

मग ८७ साली बाबांच्या वह्या घेऊन कासिमकाका माझ्या दारात आले. तुला मी एवढंच सांगितलं होतं की इथल्या स्पार्कब्रुक भागातल्या एका येमेनी गृहस्थांनी वह्या आणून दिल्या. ते अब्दुलकवींचे धाकटे भाऊ. तीस वर्षं इथल्या फाउंड्रीत काढली, त्यात एक कान गेला. मी त्यांना चहा दिला. माझं एडनी अरबी मोडकंतोडकं झालं होतं, ते त्यांनी सांभाळून घेतलं. भाऊ काय म्हणाला ते त्यांनी जसंच्या तसं सांगितलं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी परदेशी लोकांना खोरमक्सरच्या किनाऱ्यावर जमायला सांगितलं. बोटी जिबूतीला नेणार होत्या. अब्दुलकवींनी एका ओळखीच्याची गाडी मिळवली आणि बाबांना म्हणाले, “मास्तर, चला. तुमची मुलगी इंग्लंडात आहे, तिकडे जाल.”

बाबा म्हणाले, “तिने एप्रिल सांगितलंय. जानेवारीत दारात जाऊन उभा राहिलो तर तिची पंचाईत होईल.”

अब्दुलकवींनी खूप विनवलं. गाडी थांबून थांबून गेली. वीज नव्हती, पाणी नव्हतं, तीन दिवसांनी बाबांची छाती भरली आणि रस्त्यावर चाललेल्या गोळीबारात दवाखान्यापर्यंत कुणाला जाता आलं नाही. लढाई थांबल्यावर अब्दुलकवींनी मागे राहिलेली दोन गुजराती कुटुंबं शोधून काढली आणि त्यांच्या हातून बाबांना हिंदू रीतीने अग्नी देववला.

कासिमकाका हे मला दोष द्यायला सांगत नव्हते. त्यांना वाटलं, मुलीला ऐकून बरं वाटेल की बापाला तिची किती काळजी होती.

ईस्टरला मीनल इथे आली होती तेव्हा वह्या चाळताना तिने तिच्या मोडक्या मराठीत विचारलं, “आत्या, आजोबा इथे का नाही आला? त्याला कुणी विचारला नाही?” मी म्हटलं, “विचारलं होतं, बेटा, ते नाही म्हणाले.” ती मान हलवून पुढे वाचायला लागली. मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले. आता तेच वाक्य पुस्तकात छापलं जाणार. मी गेल्यावरही ते तिथे राहील, आणि मीनलची मुलं ते वाचतील. अडीच हजार वर्षांचा इतिहास ज्या माणसाने तारखा पुन्हा पुन्हा तपासून लिहिला, त्याच्या पुस्तकाचं दुसरंच पान खोटं.

बाबांच्या पत्राची झेरॉक्स सोबत ठेवली आहे. माझ्या उत्तराची प्रत अर्थातच नाही, पण ते मला पाठ आहे.

तू काय म्हणशील याचा अंदाज मी करत नाही. फोन केलास तर घेईन.

तुझी,
सुनीती


किंग्ज हीथ
सोमवार, ११ जुलै १९९४

प्रिय दादा,

काल तू सुखरूप पोचलास हे वहिनींनी कळवलं. एम-फोर्टी मोटरवेवर गर्दी होती म्हणाल्या. तू स्वतः बोलला नाहीस, तुला थकवा आला असेल.

चार आठवडे तुझ्याकडून काही आलं नाही तेव्हा मी समजले की आता येणार नाही. वहिनींनी एकदा फोन केला, “त्यांनी पत्र वाचलं आणि ते गॅरेजमध्ये जाऊन बसले, जेवायलाही आले नाहीत. काय लिहिलंत हो तुम्ही?” मी म्हटलं, त्यांनाच विचारा. म्हणून काल दार उघडल्यावर तू दिसलास तेव्हा मला आधी वाटलं वहिनींना काही झालं. तू नमस्कार नाही, चहा नाही, कोटसुद्धा न काढता म्हणालास, “त्या माणसाकडे मला घेऊन चल. मला त्याच्या तोंडून ऐकायचंय.”

तुझा विश्वास बसला नव्हता. मी तुझ्या जागी असते तर माझाही बसला नसता.

कासिमकाकांच्या खोलीत काल टीव्ही चालूच होता, आवाज बंद करून. एडन गुरुवारी पडलं. तीन आठवडे तिथे लोक विहिरींवर रांगा लावून होते, आणि अब्दुलकवींचा फोन लागत नव्हता. तरी काकांनी उठून तुझा हात दोन्ही हातांत धरला. “अस्ताद माधवचा मुलगा,” म्हणाले. अस्ताद म्हणजे मास्तर. लहानपणी आपण दोघं अरबीत भांडायचो, आता तुला त्यातला एक शब्द कळेना. मी मधे बसले आणि त्यांचं एकेक वाक्य तुला मराठीत सांगत गेले. ‘तिने एप्रिल सांगितलंय’ हे मलाच माझ्या तोंडाने म्हणावं लागलं. तू खाली गालिच्याकडे बघत होतास. मला पाणी हवं होतं, पण उठले असते तर परत येऊन बसले नसते.

मग तू विचारलंस, “माझ्याबद्दल काही म्हणाले होते का ते?”

मी ते अरबीत विचारलं. काका बोलले, आणि मी तुला सांगितलं, “नाही, त्यांना तेवढंच माहीत आहे.”

दादा, ते तेवढंच नव्हतं.

तू गाडीत बसेपर्यंत मी स्वतःला सांगत होते की एक गोष्ट गाळली तर काय बिघडतं, याने आधीच खूप ऐकलंय. तू हात केलास तेव्हा जवळजवळ सांगणार होते. मग घरात आले आणि एका खोलीतून दुसऱ्या खोलीत फिरत राहिले. गेली नऊ वर्षं मी हेच करते आहे. ज्याला जे सोसायचं नाही असं मला वाटतं ते त्याच्यासाठी मीच ठरवते. बाबांना थंडी सोसणार नाही. तुला हे सोसणार नाही. आज हॉस्पिटलातून लवकर निघून हे लिहायला बसले आहे.

कासिमकाका म्हणाले ते असं. पहिल्यांदा यायचा विचार केला तेव्हा, ८५च्या उन्हाळ्यात, अब्दुलकवींनी बाबांना विचारलं होतं, “मुलाकडे का जात नाही? मुलगा थोरला आहे, त्याचं घर मोठं आहे.” आणि बाबा म्हणाले, “त्याने एकदा दार उघडं ठेवलं होतं, तेव्हा मी गेलो नाही. आता वाजवू नका म्हणालाय. त्याचा शब्द आहे, तो मी कसा मोडू?”

रागाने म्हणाले नाहीत, असं काकांनी दोनदा सांगितलं. वर्गातला नियम सांगावा तसं म्हणाले.

तू ७२ साली त्यांना परत पत्र लिहायला लागलास, दर दिवाळीला पार्सल पाठवलंस, औषधं पाठवलीस, हे मला माहीत आहे. तुला वाटलं ती जुनी ओळ आपोआप पुसली गेली. मलाही तसंच वाटलं असतं. पण तू ती परत घेतली असं कधी लिहिलं नाहीस, आणि बाबा लिहिलेल्या गोष्टीला लिहिलेलीच मानायचे. शिलालेख असो की पोस्टकार्ड.

हे मी तुला माझ्याबरोबर उभं करावं म्हणून लिहिलेलं नाही. एप्रिलची गोष्ट माझी एकटीची आहे, त्यात तुझा वाटा काढला तर मला काही हलकं वाटणार नाही. तू विचारलं होतंस, आणि उत्तर होतं, म्हणून लिहिलं.

काल निघताना तू म्हणालास, “प्रस्तावना रद्द. बाबांचं नाव आणि मजकूर, बस.” रात्रभर विचार करून मला वाटतं ते बरोबर नाही. प्रस्तावना तुझ्याच नावाने जाऊ दे. पहिलं पान सुंदर आहे. शाळा, टाक्यांवर नेऊन ते आपल्याला पावसाचं पाणी अडवण्याची युक्ती कशी समजावून सांगायचे, आईचा बंदरावरचा फोटो. ते कुणीतरी लिहायलाच हवं होतं, आणि ते तूच लिहू शकलास. दुसऱ्या पानावरचं ते वाक्य काढून तिथे मी खालचं घालते आहे:

‘१९८५ साली लेखकाने इंग्लंडला मुलीकडे येण्याची इच्छा कळवली. मुलीने त्यांना पुढील एप्रिलपर्यंत थांबण्यास सांगितले. जानेवारी १९८६च्या लढाईत ते एडन येथे मरण पावले. या इतिहासाचे शेवटचे प्रकरण त्यामुळे लिहिले गेलेले नाही.’

तारखा तपासल्या आहेत. ‘मुलीने’ऐवजी माझं नाव घालायचं का, ते विचारू नकोस, घाल. तुझ्याबद्दल मी एक अक्षर लिहिलेलं नाही. तिथे तुला काही लिहायचं असेल तर तू लिही, नसेल तर नको. त्यात मी पडणार नाही आणि मीनललाही काही बोलणार नाही. माझ्यापुरतं मात्र मी तिला शनिवारी सांगितलं, फोनवर. सगळं ऐकून ती म्हणाली, “आत्या, मी येऊ का तुझ्याकडे?” मी हो म्हटलं.

आणि एक बातमी. आज दुपारी कासिमकाकांचा एडनला फोन लागला. अब्दुलकवी जिवंत आहेत, घराचा वरचा मजला गेला, नातीच्या हाताला लागलंय पण फार नाही. त्यांनी विचारलं, मास्तरांचं पुस्तक निघालं का. मराठीत असल्याने वाचता येणार नाही, तरी एक प्रत पाठवा म्हणाले.

पत्राच्या शेवटी सवडीने उत्तर पाठव असं लिहायची आपली पद्धत आहे. मी या खेपेला तसं लिहीत नाही. तुझा राग असला तर रागाने लिही, पण लगेच लिही.

वाट बघणारी,
सुनीती